वाट मळणारे पाय कमी झाले, चुकणारे वाढले

पावसाळा लागला की आपल्या पश्चिम पट्ट्यातल्या डोंगराळ गावांना शेतीच्या जोडीला आणखी एक काम लागते. आवणीचे दिवस असतात. दिवसभर चिखलात वाकून कंबर मोडलेली असते, जेवणखाण उरकून माणसे आडवी होत असतात, आणि रात्री आठ-नऊच्या सुमाराला पोलीस पाटलाचा फोन वाजतो. वर डोंगरात कुणी पोरे अडकली आहेत, वाट सापडत नाही, धुके आहे, मोबाईलची बॅटरी संपत आली आहे. मग गावातले चार-पाच जण बॅटऱ्या, दोरखंड आणि घोंगड्या घेऊन निघतात. सकाळी परत येतात आणि तसेच पुन्हा आवणीला उभे राहतात. या कामाची मजुरी कुणी देत नाही, आणि गावानेही आजवर ती मागितलेली नाही.

ऑगस्ट २०२३ च्या सुरुवातीला हरिश्चंद्रगडावर जे झाले ते आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. पुण्याहून आलेले सहा तरुण तोलारखिंडीच्या बाजूने गड चढत असताना धुक्यात आणि मुसळधार पावसात वाट चुकले. ओल्या कपड्यांनी जंगलात रात्र काढावी लागली. थंडीने त्यातल्या एकाचा जीव गेला, पाच जण वाचले. लक्षात घ्या, हा कुणी कड्यावरून पडला नव्हता, की त्याला साप चावला नव्हता. वाट चुकणे आणि भिजून गारठणे, एवढ्यावर माणूस गेला. ज्या डोंगरात आपली गुरे रोज चरून संध्याकाळी घरी येतात, त्याच डोंगरात हे घडले.

अशी घटना घडली की दोन गोष्टी ठरलेल्या असतात. वर्तमानपत्रात "अतिउत्साही पर्यटक" असे मथळे येतात, आणि प्रशासन काही दिवस बंदीचा आदेश काढते. उत्साह जास्त असतो हे खरे. पण बंदी उठली की पुढच्या शनिवारी गाड्यांची रांग पुन्हा लागते, आणि वाट जिथे फुटते तिथे ती जशी होती तशीच असते. त्या फाट्यावर उभ्या राहिलेल्या परक्या माणसाला डावीकडे जायचे की उजवीकडे, हे सांगणारे तिथे काही नसते. माझ्या मते मूळ दुखणे तिथे आहे, म्हणून आजचा हा लेख.

वाट कशी मरते

आपल्या डोंगरातल्या वाटा कुणी कंत्राटदाराने बांधलेल्या नाहीत. त्या पायांनी मळल्या. नाणेघाटासारखी वाट तर दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळापासून व्यापाराची होती. तिथे दगडात खोदलेल्या पायऱ्या आहेत, लेण्यात शिलालेख आहे, आणि वर जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण आहे. बाकीच्या लहान घाटवाटांना असले वैभव नव्हते. कोकणातून मीठ वर यायचे, वरून धान्य खाली जायचे. लग्नाची वऱ्हाडे, बाजाराला जाणारी माणसे, हिरडा आणि मोळ्या वाहणाऱ्या बाया, सगळ्यांचे पाय त्याच रेघेवर पडायचे. म्हणून गवत उगवायचे नाही आणि वाट उघडी राहायची.

आता हिशेब उलटा झाला आहे. एस.टी. आली, नंतर मोटारसायकल आली. २०१६ नंतर उज्ज्वला योजनेतून गॅसच्या टाक्या वाडी-वस्तीवर पोचल्या. टाकी भरायला पैसे नसले की चूल पेटतेच, ही गोष्ट वेगळी, पण मोळीला जाणे पूर्वीइतके राहिले नाही. पोरे शाळेला तालुक्याला गेली, गुरे कमी झाली. हे सगळे चांगलेच झाले, त्याबद्दल कुणी हळहळू नये. पण ज्या वाटेवर रोज पन्नास पाय पडत होते तिथे आता आठवड्यातून पाच पडतात. श्रावणात गवत कमरेला लागते, कारवी डोक्यावर जाते, आणि वाट दिसेनाशी होते. गावच्या माणसाला ती पायाला कळते, डोळ्यांनी बघावी लागत नाही. परक्याला मात्र समोर नुसते हिरवे रान दिसते.

आणि नेमके याच काळात बाहेरून येणारे पाय वाढले. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड, साम्रदची सांधण दरी, वळवाच्या आधीचे काजवे, सगळीकडे शनिवार-रविवारी गर्दी. पण ही गर्दी वाट मळत नाही. ती एकतर एकाच ठरलेल्या वाटेला खोल चर पाडते, नाहीतर फोटोसाठी इकडेतिकडे फाकते आणि चार खोट्या वाटा तयार करते. मागून येणारा त्या खोट्या वाटेने जातो.

यात ढोरवाटांची भर पडते. शेतकऱ्याला हे सांगायची गरज नाही, पण शहरातल्या माणसाला ठाऊक नसते की गुरांची वाट माणसाच्या वाटेपेक्षा जास्त ठळक दिसते. गुरे कळपाने चालतात, खुरांनी माती उकरते, वाट रुंद होते. ती वाट गवताकडे जाते, पाण्याकडे जाते, आणि मग जिथे गुरे पांगतात तिथे विरून जाते. मोळीवाटेचेही तेच. लाकूड संपले की वाट संपली. ओळखायची साधी रीत जुनी माणसे सांगतात. वाटेवर आडव्या येणाऱ्या फांद्या छातीच्या उंचीला तशाच असतील तर ती गुरांची वाट. डोक्यापर्यंतच्या फांद्या कोयत्याने तोडलेल्या दिसल्या तर ती माणसाची. ही एवढी गोष्ट गावाच्या वेशीवर पाटीवर लिहिली तरी काही जण वाचतील.

चकव्याची गोष्ट

आपल्याकडे चकवा लागतो म्हणतात. माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे त्याच झाडाखाली येऊन उभा राहतो. मग तिथे नारळ फोडायचा, चपला उलट्या घालायच्या. म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या या गोष्टी खोट्या म्हणून उडवून लावू नका. माणूस फिरून त्याच जागी येतो हा अनुभव खरा आहे. त्यामागे भूत नाही, एवढेच.

जर्मनीतल्या ट्युबिंगेन इथल्या माक्स प्लांक संस्थेच्या शास्त्रज्ञांनी यावर प्रयोग केला आणि २००९ मध्ये तो प्रसिद्ध केला. माणसांना मोठ्या सपाट जंगलात सोडून सांगितले, सरळ एकाच दिशेने चालत राहा. दुसरा प्रयोग ट्युनिशियात सहारा वाळवंटात केला. सूर्य दिसत होता तेव्हा माणसे बऱ्यापैकी सरळ चालली. ढगाळ हवेत चाललेली माणसे मात्र गोल फिरू लागली, आपलीच वाट पुन्हा ओलांडून गेली, आणि त्यांना ते कळलेही नाही. वाळवंटात रात्री चंद्र होता तोवर ठीक चालले, चंद्र झाकला की वळले. डोळे बांधून चालवले तर काही जण अवघ्या वीस मीटर व्यासाच्या वर्तुळात फिरले. एक पाय लहान, एक मोठा म्हणून असे होते, हा समजही त्यात टिकला नाही. एकच माणूस कधी डावीकडे वळायचा, कधी उजवीकडे. शास्त्रज्ञांचे म्हणणे असे पडले की बाहेरची पक्की खूण नसेल तर चालताना शरीराच्या अंदाजात लहान लहान चुका साठत जातात, आणि "सरळ" म्हणजे कुठे हेच हळूहळू सरकत जाते.

म्हणजे धुक्यात वाट चुकणारा मूर्ख असतो असे नाही. तुम्हाला मला अनोळखी माळावर दाट धुक्यात सोडले तर आपणही गोलच फिरू. हरिश्चंद्रगडाचा माथा तर मोठा पसरलेला आहे. टेपाडामागे टेपाड, सगळी एकसारखी. पावसाळ्यात तिथे ढग जमिनीवर उतरतो तेव्हा दहा पावलांवरचे माणूस दिसत नाही. पश्चिमेला कोकणकडा आहे, म्हणजे चुकण्याची शिक्षा काय, हे सांगायला नको.

खुणा पूर्वीही होत्या

वाटेला खूण करणे ही परदेशातून आलेली कल्पना नाही. खिंडीतला शेंदूर लावलेला दगड काय सांगतो? देव तर तो आहेच, पण लांबून तांबडा दिसतो आणि "खिंड इथे आहे" हेही सांगतो. तोलारखिंडीत दगडात कोरलेला वाघ आहे. त्याला हात जोडून पुढे जाणाऱ्याला आपण कुठे आहोत याची खात्री होत असे. फाट्यावर चुकीच्या वाटेला डहाळी आडवी टाकायची, म्हणजे मागून येणाऱ्याने समजावे, इकडे नाही. कातळावर पाऊल उमटत नाही म्हणून तिथे दगडावर दगड ठेवायचे. आपल्या गुराख्यांना हे कुणी शिकवलेले नाही.

अडचण अशी की या खुणा ओळखीच्या माणसांसाठी होत्या. आडवी टाकलेली डहाळी पुण्या-मुंबईच्या पोराला वाऱ्याने पडलेली वाटते, तो ती ओलांडून जातो. दगडांच्या लगोरींचे तर आता हसे झाले आहे. पर्यटक गंमत म्हणून किंवा नवस म्हणून कुठेही लगोर रचतात. दहा लगोरींमधली वाटेची कोणती आणि हौसेची कोणती, हे कळत नाही. खोटी खूण ही खूण नसण्यापेक्षा वाईट. वर जाल तेव्हा अशी हौसेची लगोर दिसली तर ती पायाने पाडून टाका, त्यात काही पाप नाही.

अलीकडे ट्रेकिंगच्या मंडळांनी काही गडांवर दगडावर रंगाने बाण काढले. हेतू चांगला, पण बरेच बाण फक्त चढणाऱ्यासाठी काढलेले असतात. उतरताना त्या दगडांची मागची बाजू दिसते आणि ती कोरी असते. खरे तर उतरताना माणूस जास्त चुकतो. थकलेला असतो, उजेड कमी झालेला असतो, आणि चढताना पाठीमागे वळून कुणी बघितलेले नसते.

खूण कशी असावी

इथे थोडे खोलात जातो, कारण हे काम आपणच करायचे आहे आणि ते वरवर वाटते तेवढे सोपे नाही.

अमेरिकेत ॲपलॅचियन नावाची सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची पायवाट आहे. तिथे सगळ्या वाटेवर एकच खूण आहे, झाडावर किंवा दगडावर पांढरा उभा पट्टा, दोन इंच रुंद आणि सहा इंच उंच. बाण नाही, अक्षर नाही. एकावर एक दोन पट्टे दिसले की समजायचे, पुढे वळण आहे, सावध राहा. एवढी साधी पद्धत असल्याने ती दोन्ही बाजूंनी चालते आणि निरक्षरालाही कळते. एवढे असूनही २०१३ मध्ये मेन राज्यात ६६ वर्षांची एक बाई शौचाला म्हणून वाटेपासून थोडी आत गेली, आणि तिला वाट परत सापडली नाही. ती तीन आठवड्यांहून जास्त जिवंत होती, डायरी लिहीत होती, पण शोधणाऱ्यांना दिसली नाही. २०१५ मध्ये तिचा सांगाडा मिळाला. खुणा असल्या म्हणजे माणूस चुकतच नाही असे नाही. पण खुणा आहेत म्हणून हजारो लोक तिथे चुकत नाहीत, हेही तेवढेच खरे.

आपल्या डोंगराला हीच पद्धत थोडी बदलून घ्यावी लागेल. आपला दगड काळा, म्हणून त्यावर पांढरा किंवा पिवळा रंग उठून दिसतो. पण कातळावर पांढरट शेवाळाचे डाग असतात, त्यात पांढरा पट्टा हरवतो. मी पिवळ्याच्या बाजूचा आहे. तांबडा नको. दिवसा तो ठळक वाटतो, पण संध्याकाळच्या उजेडात काळा दिसायला लागतो, आणि खुणेची गरज नेमकी तेव्हाच असते. चुना किंवा गेरू लावाल तर आपल्याकडच्या पावसात एका मोसमात धुऊन जाईल. ऑइल पेंटच लागतो, आणि तोही एप्रिल-मे महिन्यात, दगड कोरडा ठणठणीत असताना, तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडून. ओल्या दगडावर लावलेला रंग आषाढात पापुद्र्यासारखा निघतो.

खूण जमिनीलगतच्या धोंड्यावर करू नका. भाद्रपदात त्याच्यावर गवत असते. छातीच्या उंचीला, हलणार नाही अशा दगडावर ती करावी. सुटा दगड गुरे लोटतात, पाणी वाहून नेते, आणि बाण दुसरीकडे तोंड करून बसतो. झाडावर खिळे ठोकू नयेत. कोयत्याने खाच घालणे तर अभयारण्यात गुन्हाच आहे, आणि नसता तरी झाडाला त्या जखमेतून कीड लागते, हे कृषी खात्याच्या माणसाने तुम्हाला सांगायला हवे असे नाही. प्लास्टिकच्या फिती बांधण्याची एक नवी चाल आली आहे. ती मुळीच नको. फिती तुटून खाली पडतात आणि गुरांच्या पोटात जातात. प्लास्टिक खाऊन पोट फुगलेली गाय ज्यांनी पाहिली असेल त्यांना याहून जास्त सांगत नाही. आणि देवळे, लेणी, कोरीव दगड, तटबंदी यांना रंगाचा थेंबही लागता कामा नये.

खुणा किती अंतरावर? सरळ मळलेल्या वाटेवर कमी चालतात. फाटा, ओढ्याचे दोन्ही काठ, उघडा कातळ आणि सपाट माळ, या चार जागा मात्र सोडायच्या नाहीत. माळावर नियम एकच. एका खुणेपाशी उभे राहून दुसरी दिसली पाहिजे, आणि ती धुक्यात दिसली पाहिजे. म्हणजे पंचवीस-तीस पावलांवर एक. तिथे मोठा धोंडा नसेल तर दगडांची मातीत रोवलेली, रुंद बुडाची, कमरेच्या वर जाणारी रास रचावी आणि वरच्या दगडावर रंगाचा पट्टा द्यावा, म्हणजे ती हौसेची नाही हे कळेल. फाट्यावर बरोबर वाटेला पट्टा आणि चुकीच्या वाटेला काट्या आडव्या, दोन्ही करावे.

आणखी एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. खुणांना नंबर द्या. जर्मनीतल्या जंगलांत बचावाची ठिकाणे ठरवून तिथे क्रमांकाच्या पाट्या लावल्या आहेत. अडकलेला माणूस फोनवर नंबर सांगतो आणि गाडी त्या ठिकाणी येते. आपल्याकडे फोनवर काय ऐकू येते? "काका, एक मोठा दगड आहे आणि बाजूला झाड आहे." आता असा दगड आणि असे झाड कुठे नाही? तेच "पाचनई, चौदा नंबरच्या खुणेपासून पुढे आलो" असे ऐकू आले तर शोधणाऱ्यांची अर्धी रात्र वाचेल.

ओढ्याच्या मागे जाऊ नका

खुणेच्या जोडीला गावाच्या तोंडाशी एक मोठी पाटी हवी, आणि तिच्यावर एक सूचना ठळक हवी. वाट चुकली तर पाण्याच्या प्रवाहाने खाली जा, गाव लागते, असे पुस्तकात लिहिलेले असते. सपाटीच्या देशात ते खरे असेल. सह्याद्रीत ओढा तुम्हाला धबधब्याच्या माथ्यावर नेऊन सोडतो. आधी दोन-तीन पुरुष उंचीचे टप्पे माणूस घसरत उतरतो. मग असा टप्पा येतो की खाली उतरता येत नाही आणि मागचे वर चढता येत नाही. म्हणून चुकलो असे वाटले की थांबायचे, शेवटची खूण दिसली होती तिथवर मागे फिरायचे, आणि तेही जमले नाही तर कोरडा आडोसा धरून बसायचे. ११२ नंबर कुठल्याही कंपनीची रेंज असेल तरी लागू शकतो. अडकलेल्यांची सुटका करणाऱ्या गिर्यारोहकांची महाराष्ट्र माऊंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर ही संस्था आहे, तिच्याशी गावाने आधीच ओळख करून ठेवावी.

मोबाईलवर नकाशा असतो ना, असे पोरे म्हणतात. असतो. उपग्रहाचा ठिकाणा कळायला रेंज लागत नाही हेही खरे. पण पावसात ओल्या बोटांनी मोबाईल चालत नाही, थंडीत बॅटरी लवकर उतरते, आणि कड्याच्या कुशीत ठिकाणा इकडचा तिकडे दाखवतो. तो जोडीला ठीक आहे. त्याच्यावर सगळा भार टाकणे बरे नाही.

पर्यटकांसाठी आम्ही का राबायचे?

ग्रामसभेत हा प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. त्याला माझे पहिले उत्तर इर्शाळवाडी. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात ती वाडी दरडीखाली गेली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. बचावाची माणसे अंधारात, पावसात, निसरड्या पाऊलवाटेने चढत वर गेली. अग्निशमन दलाचे एक अधिकारी चढतानाच हृदयविकाराने गेले. मोठी यंत्रे वर नेता आली नाहीत. आपल्या तालुक्यात पाऊलवाटेवरच्या वाड्या अजून आहेत. रात्री बाळंतिणीला डोलीतून आणताना, आशाताई औषधे घेऊन जाताना, बदलून आलेला नवा गुरुजी पहिल्यांदा निघतो तेव्हा, वायरमन तुटलेली तार शोधत फिरतो तेव्हा, खूण त्यांच्याही कामाची आहे. पर्यटकाच्या निमित्ताने ती आपल्याला मिळत असेल तर मिळवून घ्यावी.

दुसरा प्रश्न जरा हळू आवाजात विचारला जातो. खुणा झाल्या तर आमच्या पोरांना वाटाड्या म्हणून कोण घेणार? हिशेब समजण्यासारखा आहे. भाताच्या एका पिकावर घर चालत नाही, शनिवार-रविवारचे चार पैसे गोड लागतात. पण खुणांमुळे वाटाड्याचे काम जाते असे मला वाटत नाही. जो पैसे वाचवून एकटा जातो तो आजही वाटाड्या घेत नाही. तोच चुकतो आणि रात्री तुमच्याच पोराला फुकट उठवतो. ज्याला वनस्पती, पक्षी, देवळाची माहिती हवी आहे, सोबत आणि घरचे जेवण हवे आहे, तो खुणा असल्या तरी वाटाड्या घेणारच. बदनाम झालेल्या डोंगरावर मात्र कुटुंबवाला माणूस येत नाही.

तिसरा आक्षेप वनखात्याचा, आणि त्यात तथ्य आहे. सगळ्याच वाटांना खुणा केल्या तर जिथे माणूस जाऊ नये तिथेही गर्दी होईल. म्हणून सगळ्या वाटा रंगवायच्याच नाहीत. गावाने बसून ठरवावे. वापरातल्या एक-दोन वाटांना पूर्ण खुणा, बाकीच्यांच्या तोंडाला "ही वाट बंद" म्हणून काटे. नळीच्या वाटेसारख्या अवघड वाटेला बाण काढणे म्हणजे नवख्याला आमंत्रण देणे. ती दोरवाल्या जाणत्या लोकांसाठी राहू द्या.

हे काम कुणाचे?

स्वित्झर्लंडमध्ये लोकांनी १९७९ मध्ये मतदान करून पायवाटांचा विषय राज्यघटनेत घातला, आणि १९८७ पासून त्याचा कायदा लागू आहे. वाटांचा आराखडा करणे आणि त्या राखणे हे तिथल्या प्रांतांवर बंधनकारक आहे. साध्या वाटेला पिवळी पाटी, डोंगरी वाटेला पांढरा-लाल-पांढरा पट्टा, अतिअवघड वाटेला पांढरा-निळा-पांढरा. साऱ्या देशात एकच भाषा.

आपल्याकडे असा कायदा नाही. महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले. त्याचा भर सहली काढणाऱ्यांची नोंदणी आणि सुरक्षितता यावर आहे. वाट कुणाची, हा प्रश्न तसाच राहतो. हरिश्चंद्रगडाचेच बघा. खिरेश्वरचा पायथा पुणे जिल्ह्यात, माथा आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, आणि कड्याखाली ठाणे जिल्हा. वरून आलेला फोन कुणाच्या हद्दीतला, हे ठरेपर्यंत तास जातो. डोंगर बराचसा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, ते जाहीर झाले १९८६ मध्ये. तिथे वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय कुणीही, अगदी सरपंचानेही, ब्रश घेऊन जाऊ नये. चांगल्या कामापायी पोरांवर गुन्हा दाखल व्हायचा.

पण गावाच्या हातात काही नाही, असे समजू नका. तलाठ्याकडचा गावनकाशा मागून घ्या. त्यात पाऊलवाट एका तुटक रेषेने दाखवलेली असते, तिची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. नकाशावर आहे ती वाट कुणाच्या मर्जीची नाही. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांना २००६ च्या वनहक्क कायद्याने आपले वन राखण्याचा आणि त्याचे व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला आहे, त्या आराखड्यात वाटांचा कागद जोडता येतो. पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना पाच टक्के अबंध निधी मिळतो, त्यातून वन्यजीव पर्यटनाशी निगडित कामे घेता येतात. रंग, ब्रश, दोन-तीन लोखंडी पाट्या आणि चार-सहा माणसांची आठवडाभराची मजुरी, एवढाच खर्च आहे. एखाद्या सिमेंटच्या कमानीला लागतो त्याच्या पासंगालाही तो पुरणार नाही, आणि कमानी आपण किती बांधल्या ते मोजायला नको.

करायचेच असेल तर वेळापत्रक असे बसते. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव घ्यावा, कोणत्या वाटा उघड्या आणि कोणत्या बंद हे नावानिशी लिहावे. ठरावाची प्रत वनक्षेत्रपालांना देऊन पोच घ्यावी. गड असेल तर पुरातत्त्व खात्यालाही प्रत द्यावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये गावातली दोन म्हातारी माणसे, दोन तरुण आणि वनरक्षक यांनी मिळून वाट एकदा चढून, एकदा उतरून बघावी आणि खुणांच्या जागा खडूने टिपाव्यात. म्हातारी माणसे अवश्य न्या. आणखी दहा वर्षांनी त्या वाटा सांगायला कुणी असेल, याची खात्री नाही. रंगकाम मे महिन्याच्या आत संपवावे. नंबरांची यादी पोलीस ठाण्यात, वनखात्याच्या चौकीवर आणि पायथ्याच्या प्रत्येक हॉटेलात चिकटवावी. दिवाळीनंतर गवत काढायला माणसे वर जातीलच, तेव्हा पडलेल्या राशी उभ्या कराव्यात आणि पुसट झालेले पट्टे वहीत लिहून ठेवावेत, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात किती डबे रंग लागेल ते कळेल.

पहिल्या वर्षी एकच वाट धरा. साधारण तीन-चार किलोमीटरच्या वाटेला पिवळ्या रंगाचा चार लिटरचा एक डबा पुरावा. माळ मोठा असेल तर दोन आणा.